हरणाच्या लेकराला धुरी

माझं माहेर चुडाव्याकडलं, शाळा सातवीपस्तोर, मग लगीन होऊन हिकडं पोखर्णीच्या अंगाला आले, अन् काय सांगू ताई, माझी चिमी पाच म्हैन्याची व्हती तवाची गोष्ट.

हरभऱ्यावर जुन्या लुगड्याचं धडपं हातरलं व्हतं, सकाळपस्तोर आंबट दव मुरतंय त्यात, ती आंब आत्याबाई पोटदुखीला ठेवत्यात, आत्याबाई म्हंजी माझी सासू. तर धुक्यात धडपं उचलाय गेले अन् खाली काईतरी हाललं. हरणाचं लेकरू! इवलं, वलं, डोळे काळेभोर, सपनात दिसावं तसं. माय कुठंच न्हाई. मला वाटलं टाकून गेली. धडपं तिथंच बांधावर टाकलं, लेकरू पदरात घेतलं.

घरी आणून चिमीला करते तसंच केलं, तेल, ऊन पाणी, शेगडीवर ओवा टाकून धुरी. आत्याबाई म्हणल्या, आता बारसं बी कर. खरंच तीट लावली म्या!

ह्यांनी बघितलं अन् कपाळाला हात लावला, येडे, काळविटाचं हाय, केस व्हईल आपल्यावर. फारेस्टात फोन लावला तर तो माणूस म्हणला, बाई, टाकलेलं न्हवतं ते, माय दडवून चरायला जाती. दूध पाजू नका, व्हतं तिथंच ठेवा अन् लांब व्हा.

ठेवलं. हे अन् मी चिमीला घेऊन तुरीआड बसलो. आली की माय! हुंगलं अन् मागं सरली. परत आली, परत सरली. ओव्याचा वास, ताई, माझ्या हातानं लावलेला. लेकरू वरडायलं, चिमी माझ्या छातीला, अन् भेवानं मला दूध उतरंना. मरंल आता हे, माझ्यामुळं मरंल.

मंग धडपं दिसलं, अजून वलं. चिमी ह्यांच्याकडं दिली, हे नको नको म्हणायलेत, मी पळाले, तोंडापासून खुरापस्तोर त्या आंबंनं पुसलं, तीट सुदिक पुसली, हरभऱ्याच्या पाल्यात लोळवलं, परत तुरीत आले.

लय येळ गेला. ऊन पिवळं झालं. मंग ती आली, हुंगलं, हुंगतच ऱ्हायली, अन् चाटाय लागली. लेकरू पोटाखाली शिरलं, शेपटी हालायली. माझ्या मांडीवर चिमी कवा पिऊन निजली, कळलंच न्हाई.

आता कळप आला की हरभरा खातोय. आत्याबाई वरडत्यात, अगं हाकल की! हाकलते म्हणते. टाळी वाजवते, पर चिमीला थोपटावं तशी.