ऑर्गॅनिकमधलं काय करू?

(दवाखान्याचा वॉर्ड, दुपार. खाटेवर रिंकू, हाताला सलाईन. उशाशी तिचा मावसभाऊ प्रफुल्ल. मोहर्लीत सफारीची जिप्सी चालवतो.)

रिंकू : ऐतवारी नीटचा पेपर. पूर्ण ऑर्गॅनिक केमिस्ट्री आता होत नाई, भाऊ. कोणते चॅप्टर धरू, तेवढं सांग.

प्रफुल्ल : पहिले पाणी पे.

रिंकू : पेली ना. तू दोनदा पेपर देल्ला, तुले माहीत असन.

प्रफुल्ल : देऊन जिप्सीच चालवून राह्यलो मी... बरं, जीओसी पहिले, ऑर्गॅनिकचा पाया तो. इंडक्टिव्ह, रेझोनन्स, कोणता कार्बोकॅटायन टिकते. ते नाई समजलं त पुढचं सारं नुसतं रट्टा.

रिंकू : तेच त बुडलं. सर शिकवत होते तवा मी इथीच पडून होती. सिकलसेलचं दुखणं काय टाइमटेबल पाहून येते? परत गेली त वर्ग अल्डिहाइडवर.

प्रफुल्ल : मंग तुह्यं झालं काय काय?

रिंकू : पॉलिमर. नायलॉन, बेकेलाइट, सारे मोनोमर पाठ हायेत.

प्रफुल्ल : पॉलिमर?

रिंकू : तू देल्लेल्या पुस्तकातून.

प्रफुल्ल : ते पुस्तक जुनं हाय, रिंकू. पॉलिमर आता सिलॅबसमध्ये नाई. काढून टाकलं.

रिंकू : सारंच?

प्रफुल्ल : सारंच.

रिंकू : बोटं सुजली होती, तरी पानं पलटवली मी.

प्रफुल्ल : जाऊ दे. बायोमॉलिक्यूल कर, सोपं हाय. प्रोटीन, अमिनो अ‍ॅसिड...

रिंकू : हिमोग्लोबिनात ग्लुटामिकच्या जागी व्हॅलिन. एक अमिनो अ‍ॅसिड बदललं म्हून मी या खाटेवर. ते मले कोणी शिकवाले नको.

प्रफुल्ल : लय दुखून राह्यलं का?

रिंकू : मांड्या. हाडात कोणी घन मारते जसं. तू बोलत राह्य, बरं वाटते.

प्रफुल्ल : हॅलोअल्केन घे. एसएन-वन, एसएन-टू, दोन्हीतला फरक. मंग अल्कोहोल, फिनॉल...

रिंकू : थांबला काऊन?

प्रफुल्ल : मावसा कुठी गेला?

रिंकू : बाबा तळ्यावर गेला. जाळं टाकून येतो म्हणे. मले सेंटरवर न्याले गाडी पाहून ठेवली त्यानं. मागची सीट मोकळी पायजे, पाय लांब कराले जागा पायजे, असं ड्रायव्हरले सांगून आला.

प्रफुल्ल : रिंकू, समजा यंदा नाई जमलं...

रिंकू : मागच्या साली बी तू असंच बोलला.

प्रफुल्ल : डॉक्टर भेटले मले खाली.

रिंकू : ऐतवारपर्यंत दवाखान्यातून सुट्टी नाई. सिस्टरनं मले सकाळीच सांगतलं.

प्रफुल्ल : मंग हे सारं काऊन विचारून राह्यली?

रिंकू : बाबाले अजून माहीत नाई. तो येतवरी त पेपर हायेच, सांगत राह्य. फिनॉलच्या पुढं काय?