फाटकापासून मोजलं

तोंडाच्या तपासणीसाठी नवऱ्याचा नंबर यायचा होता, म्हणून ती कॅन्सर रुग्णालयात बाहेर बाकावर बसली होती. पाठीमागे दोन म्हातारे बोलत होते.

"साहेब, ओळखलंत का? शाळेमागचा टपरीवाला."

"ओळखलं की. तुझ्या टपरीची मोजणी मीच केली होती. इकडे कुठे?"

"गालात जखम आहे, भरतच नाही. तुम्ही?"

"मुलाला आणलंय. आत घेतलंय त्याला. जबडा काढावा लागेल म्हणतात."

"अरेरे."

"शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, एवढाच नियम होता. कुठून मोजायचं ते आमच्या आदेशात लिहिलं नव्हतं. वरून सांगितलं, फाटकापासून रस्त्याने मोजा. तसं मोजलं. तुझी टपरी हद्दीबाहेर गेली आणि तपासणीत आमचा विभाग पहिला आला."

"तुमचा सत्कारही झाला होता. मी आलो होतो बघायला."

"मुलगा त्याच शाळेत होता. मला वाटायचं, एवढा वळसा घालून तो कशाला तुझ्याकडे येतोय."



"वळसा कुठला, साहेब. मागच्या भिंतीला भगदाड होतं. मधल्या सुट्टीत सगळी पोरं तिथूनच यायची."