गाडी घाटाखालीच हाय

आम्ही मूळचे हिंजवडीचे. आता हिंजवडी म्हणलं की माणसं इचारतात, कुठल्या फेजला राहता? आमचा जन्म फेजच्या आधीचा हाय बाबा, असं सांगितलं की हसतात. मला गावात सगळी आप्पाच म्हणतात आन् दत्ता माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार-पाच पावसाळ्यांनी धाकटा. दोघं पवायला शिकलो ते आमच्या मळ्यातल्या इहिरीत. चुलत्यानं कमरेला दोर बांधला आन् दिलं ढकलून, ही आमची शाळा. दत्ता तवापासून असा, की वर यायचाच न्हाई. तळाचा चिखल मुठीत घेऊन यायचा आन् दाखवायचा, बघ आप्पा, खालपर्यंत जाऊन आलो. मी काठावर घाबरून रडायचो. काय सांगू तुम्हाला ताई, सगळा जन्म असाच गेला, त्यो खाली आन् मी काठावर.

मग कंपन्या आल्या, जमिनी गेल्या, ती गोष्ट तुम्ही शंभर जणांकडनं ऐकली असंल, मी न्हाई सांगत. आमची इहीर बुजवली आन् तिच्यावर आता गाड्या लावतात. पुढं एका मोठ्या सोसायटीत पवायचा तलाव झाला, तिथं आम्ही दोघं लागलो, शिट्टी घेऊन उभं राहायचं, बुडणाऱ्याला काढायचं. बुडत कोणी न्हाई, फोटोच जास्त काढतात. तिथंच एक निवृत्त नौदलवाले सर रोज सकाळी पवायला यायचे. त्यांनी दत्ताला बघितलं आन् म्हणाले, तुझं पाणी इथलं न्हाई, समुद्राचं हाय. त्यांनीच आम्हाला गोव्याला धाडून पाठीला हवेची टाकी लावून समुद्रात खाली जायचं शिकवलं, परीक्षा द्यायला लावली. दत्ता झटक्यात पास झाला. मी रखडत, पण झालो.

मग दोघांनी मिळून धंदा काढला. शनिवार-रविवार कंपनीतली पोरंपोरी मालवणला न्यायची आन् आधी हितं तलावात शिकवायचं. चालला ना, चांगला चालला. पाच दिवस खुर्चीत बसून माणूस कावतो, त्याला मासे बघायचे असतात. पण त्यांचं बघणं आन् आमची जबाबदारी, हे दोन वेगळं असतं. सर्दी हाय का, कान दुखतो का, काल घेतली व्हती का, हे इचारलं की राग येतो. एकानं तर सर्दीची गोळी खाऊन गपचीप बोटीत बसायचा बेत केला व्हता, त्याला मी किनाऱ्यावर ठेवला, त्यानं दिवसभर माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी त्याचं घर लिहून घेतलंय. म्हणलं, बघ बाबा, शिव्या दे, पण कानाचा पडदा शाबूत घेऊन घरी जा.

आता सरांनी पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगितली व्हती, ती तुम्हाला सांगतो, न्हाई तर पुढचं कळायचं न्हाई. त्यांनी गोटी सोड्याची बाटली घेतली, हलवली आन् फटकन उघडली. सगळा फेस अंगावर. म्हणाले, खोल पाण्यात हवा अशीच अंगात मुरती, हळू वर आलात तर श्वासावाटे निघून जाती, घाई केलीत तर असा फेस होतो, रक्तात, सांध्यात, पाठीच्या कण्यात. आन् पुण्याच्या माणसांनो, तुमचं वर येणं किनाऱ्यावर संपत न्हाई, तुमच्या वाटंत घाट हाय, वर हवेचा दाब आणखी कमी. दोन दिवस खोल जाऊन त्याच संध्याकाळी घाट चढलात तर बाटलीची गोटी तुम्हीच दाबलीत असं समजा. म्हणून आमचा नेम व्हता. रविवारी दुपारी निघायचं, घाटाच्या पायथ्याला एका मावशींचं लॉज हाय तिथं मुक्काम करायचा, सोमवारी वर जायचं. मुंबईवाल्याला हे लागत न्हाई, गोव्यावाल्याला लागत न्हाई. हे आमच्याच नशिबी.

आन् गिऱ्हाइकाला सोमवार पाहिजे असतो. सोमवारी सकाळी मीटिंग, सोमवारी परदेशचा साहेब फोनवर. तेवढ्यात पुण्यातच दुसऱ्या एकानं धंदा काढला, त्यो रविवारीच घरी सोडायचा. झालं. दत्ताला फोन सुरू, तुमच्यातच का हे, त्यांच्यात तर न्हाई. दत्ता मला म्हणायचा, आप्पा, एवढ्यानं काय व्हतंय, त्यांचं कुणाचं काय झालंय का? मी म्हणायचो, झालं की कळवतील का तुला?

त्या रविवारी दत्ता दोन दिवस सगळ्यांत जास्त पाण्यात व्हता. गिऱ्हाईक दोनदा जातं, नेणारा चारदा जातो. तिन्हीसांजेच्या आत मावशींकडं पोचावं म्हणून बस पुढं निघाली, दत्ता बसमधी, आन् मी मागनं टेम्पोत टाक्या, ऑक्सिजन, सगळं सामान घेऊन. मावशींकडं पोचलो तर अंगणात बस न्हाई. मावशींनी सगळ्यांचा भात टाकला व्हता. म्हणाल्या, पाणी प्याले आन् वर गेले, दत्ताभाऊ म्हणाले, आप्पांना सांगा, पोरांना घाई हाय. एवढा मोठा भाताचा टोप, त्याची वाफ, आन् मी दत्ताला फोन लावत व्हतो, लागंना.

थोड्या वेळानं फोन आला, केतकी मॅडमचा. ती आमच्याकडंच शिकलेली, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, हुशार आन् सरळ. म्हणाली, आप्पा, आम्ही घाटमाथ्यावर चहाला थांबलोय, दत्ताभाऊंच्या पाठीत कळ येतीय, पाय बधिर झालाय, ते म्हणतात उसण भरली, कुणी बाम चोळतंय, मला न्हाई वाटत उसण, मी म्हणते खाली फिरू. म्हणलं, पोरी, फिरवच गाडी, त्याला फोन दे. दत्ता बोलला. आप्पा, टाकी उचलताना भरलीय, गिऱ्हाइकासमोर तमाशा नको, पुण्यात मोठी हॉस्पिटलं हायत, तिथं दाखवतो.

मी म्हणलं, दत्ता, खाली ये.

त्यो म्हणाला, एवढ्या लोकांना परत खाली आणू? काय तोंड दाखवू?

आन् फोन गेला. मग रेंजच न्हाई. बघा ताई, त्यालाबी बाटली माहीत व्हती. माझ्यापेक्षा चांगली माहीत व्हती, त्योच पोरांना उघडून दाखवायचा. पण आपण धंदेवाले, आपल्यालाच ते झालं हे दहा माणसांत कसं म्हणायचं? आन् पुण्याच्या माणसाला काय बी झालं तरी एकच सुचतं, पुण्याला चला. पुणं तर वर हाय ना.

मी टेम्पोच्या ड्रायव्हरला ऑक्सिजनसकट बसच्या मागं वर पळवला. त्यो पाण्यात उतरला नव्हता. मी उतरलो व्हतो, दोन दिवस, दत्ताच्या बरोबरीनं. त्यो निघायच्या आधी मी टेम्पोत चढलो, बसलो आन् परत उतरलो. मी बी वर गेलो असतो तर दोघं आडवे झालो असतो, आन् मग कोण काय करणार व्हतं? हे मला कळत व्हतं. पण सख्ख्यासारखा भाऊ वर तडफडतोय आन् आपण घाटाखाली ओट्यावर बसलोय, ते बसणं मी कुणाला सांगू? मावशींनी ताट वाढलं, ते तसंच राहिलं.

टेम्पोनं हायवेला बस गाठली. केतकी मॅडमनी ऑक्सिजन लावला, पण तोवर उशीर झाला व्हता. पुण्याच्या डॉक्टरांनी बघितलं आन् मुंबईला न्यायला सांगितलं, तिथं दाबाची खोली असती, माणसाला आत ठेवून परत खोल पाण्यात असल्यागत करतात आन् हळूहळू वर आणतात. म्हणजे जे घाटाखाली झोपून फुकट झालं असतं ते. दत्ता उठला, काठी घेऊन चालायला लागला. पण डावा पाय ओढतो तो ओढतोच. पाणी बंद झालं त्याचं. इहिरीच्या तळाचा चिखल आणणारा माणूस ताई, आता बाथरूममधी भिंतीला धरून जातो.

मी त्याच्या घरी गेलो तवा सुमन, त्याची बायको, दारातच म्हणाली, भाऊजी, तुम्ही खाली बसलात. एवढंच. ओरडली न्हाई, रडली न्हाई. बसलोच व्हतो. लई दिवस तिनं मला पाण्याचा तांब्या दिला पण बोलली न्हाई. बरोबर हाय तिचं. माणूस घरात असा आला की हिशेब कुणाच्या तरी नावावर टाकावा लागतो.

धंदा मोडावा असं शंभरदा वाटलं. अजून वाटतं. गुडघे दुखतात, गर्दीचा कंटाळा येतो, तीच तीच समजूत घालून तोंड दुखतं. पण आपण मोडला तर ती पोरं त्या दुसऱ्याकडं जाणार आन् त्यो घेऊन जाणार रविवारी वर. म्हणून चालवतो. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. दुकानात दत्ता बसतो. कुणी म्हणलं रविवारी घरी सोडाल का, तर त्यो काय समजावत न्हाई, काठी घेतो, टेबलाभोवती एक फेरी मारतो, परत बसतो आन् म्हणतो, सोमवारची रजा टाका. काही टाकतात, काही उठून जातात. केतकी मॅडम अजून येती, तिची रजा आधीच टाकलेली असती.

आता दर रविवारी मी मावशींच्या ओट्यावर असतो. पोरं अंगणात पत्ते खेळतात, भात शिजत असतो, आन् दत्ताचा फोन येतो. त्याचा प्रश्न ठरलेला, आप्पा, गाडी कुठं हाय? मी म्हणतो, घाटाखालीच हाय. सगळे हायत? सगळे हायत. मग त्यो जेवायला बसतो, त्याआधी न्हाई.

गेल्या महिन्यात असाच फोन आला आन् मी आपलं म्हणलं, गाडी घाटाखालीच हाय. तर पलीकडनं दत्ता न्हाई, सुमन. म्हणाली, त्यांना झोप लागलीय, म्हणून मीच लावला. मी म्हणलं, बरं केलं बाई.

म्हणाली, भाऊजी, खालीच बसा. आन् जेवून घ्या.