मालकीण समोर नको

नर्सबाई : हेच ते घर? अहो, पण इथे आपलं बोलणं ऐकू येतंय!

वहिनी : मग काय ओरडून बोलायचं? बसा, चहा टाकते.

नर्सबाई : चहा राहू द्या हो. मी त्या दुपारी आले तेव्हा तुमच्या दिरांशी खाणाखुणा करून बोलत होते. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. रात्रपाळी करणाऱ्या माणसानं इथे दिवसा झोपायचं कसं, म्हणून जिना उतरले ती उतरलेच.

वहिनी : खालच्या वर्कशॉपमधलं पत्रा कापायचं मशीन ते. पण हल्ली ते संध्याकाळी तासभर चालतं, तेही काम असलं तर. दिवसभर मी घरात असते, मला कळणार नाही? म्हणून तर काल दवाखान्यात गुडघ्याला पट्टी बांधताना तुम्ही म्हणालात ना, "वर्कशॉपवरचं घर? नको गं बाई!" तेव्हा मी चक्रावलेच. म्हटलं, एकदा माझ्यादेखत बघा.

नर्सबाई : तुम्ही नव्हताच तेव्हा.

वहिनी : भाऊजी घरांची दलाली करतात ना, त्यांचा नियमच तो. मालकीण समोर असली की गिऱ्हाईक मोकळेपणी बोलत नाही म्हणे. कुणी यायचं असलं की मला माझ्या ताईकडे पिटाळायचे. मीही शहाणी, घर लख्ख करून ठेवायची आणि निघायची. आलेला प्रत्येक जण पळाला. शेवटी खालचा वर्कशॉपवालाच पडेल भावात घ्यायला तयार झाला. उद्या सही आहे. त्याचे उपकार मानत होते मी!

नर्सबाई : एक सांगू? रागावू नका. जिन्यात तुमच्या दिरांनी फोन केला होता. "आलोय, वर चाललोय," एवढंच बोलले. मला वाटलं, तुम्हालाच. दार उघडेपर्यंत खाली घरघर सुरू.

वहिनी : मला कशाला करतील? मी ताईच्या डोक्याला तेल लावत बसलेली.

नर्सबाई : अगं बाई!

वहिनी : थांबा. भाऊजी सहीचे कागद घेऊन येतायत आत्ता. तुम्ही इथनं हलू नका.

(भाऊजी स्वतःजवळच्या किल्लीनं दार उघडून आत येतात.)

भाऊजी : वहिनी, उद्या अकराला तयार राहा, मी गाडी... अरे, कोणी आलंय वाटतं?

वहिनी : तुमचंच गिऱ्हाईक. विसरलात इतक्यात?

भाऊजी : हां हां, मॅडम! पण मॅडम, डील फायनल झालं. तुम्हाला तर आवाजाचा प्रॉब्लेम होता ना?

नर्सबाई : तोच शोधतेय मघापासून. सापडत नाहीये.

भाऊजी : मशीनचं काय हो, कधी चालू, कधी बंद. योगायोग म्हणायचा.

वहिनी : प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वेळी?

भाऊजी : वहिनी, तुम्हाला या धंद्यातलं...

वहिनी : काही कळत नाही. खरंय. मग समजावून द्या. काढा फोन. त्या दिवशीसारखंच म्हणा, "आलोय, वर चाललोय." बघू या खाली काय होतं ते.

भाऊजी : हा काय पोरखेळ?

वहिनी : करा ना. योगायोगच आहे तर घाबरता कशाला?

भाऊजी : परक्या माणसासमोर तमाशा नको.

वहिनी : परकं माणूस खरं बोललं, म्हणून तर बसवून ठेवलंय. करताय फोन?

भाऊजी : हे बघा, थोडं प्रॅक्टिकल व्हा. बाहेरचा कोणी घर घेऊन काय करणार होता? आम्ही दोघांनी घेतलं असतं तर निदान आपल्या माणसात...

वहिनी : दोघांनी?

भाऊजी : म्हणजे... त्याला गोदाम हवंय. मी थोडा भागीदार.

वहिनी : वा! विकून देणारे तुम्ही, घेणारेही तुम्हीच. आणि वर माझ्याकडून दलाली!

भाऊजी : ती मी निम्मीच धरली होती.

वहिनी : फारच मेहरबानी! तरीच तो वर्कशॉपवाला जिन्यात मला म्हणाला, "ताईंच्या शेजारची खोली महिनाअखेरीला जाईल, घाई करा." मी विचार करत बसले, याला कुणी सांगितलं? अहो, ते मी फक्त तुमच्यापाशी बोलले होते. रडत बोलले होते. ताईला दिसत नाही आता, चहा कपाबाहेर ओतते, तिच्या भिंतीला भिंत लावून राहायचं, एवढं एकच मागत होते मी. मग त्यानं भाव इतका पाडला की ती खोली येईना, तर तुम्ही काय म्हणालात? "आमची मागची खोली आहे की, वहिनी!" तुमच्या दारात आश्रित करून ठेवणार होतात मला.

भाऊजी : आश्रित काय? मी या घरात राहूनच शिकलो ना? तेव्हा मी आश्रित होतो?

वहिनी : नव्हतात. म्हणूनच जिवाला लागतंय. बाई, तुम्ही बोला. घेताय घर? जो भाव आधी सांगितला होता, त्याच भावात.

नर्सबाई : घर आवडलं हो. उजेड आहे, वारा आहे. पण...

वहिनी : पण काय?

नर्सबाई : मशीन खालीच राहणार ना? त्याच्या तोंडचा घास गेला तर तो मला सुखानं झोपू देईल? सकाळी घरी येते तेव्हा माझ्यात भांडायचं त्राण नसतं. मला माफ करा. मनापासून सांगते, वाईट वाटतंय.

वहिनी : तुमचं काही चुकत नाही. जपून उतरा, जिन्यात अंधार आहे.

भाऊजी : बघितलंत? गेल्या. आता शांतपणे ऐका. झालं गेलं सोडा. भाव थोडा वाढवायला सांगतो त्याला.

वहिनी : सही होणार नाही.

भाऊजी : अहो, दुसरं गिऱ्हाईक आहे का तुमच्याकडे?

वहिनी : नाही.

भाऊजी : ताईंच्या शेजारची खोली जाईल.

वहिनी : गेलीच ती. तुम्ही घालवलीत. मी आज जाऊन सांगते तिला. ती बिचारी माझ्यासाठी फळी रिकामी करून बसलीय.

भाऊजी : मग कोण घेणार हे घर?

वहिनी : येईल कुणीतरी. मी घरातच असेन, मीच दाखवेन. खाली मशीन आहे, तेही सांगेन. ते कोण लावायला सांगत होतं, तेही सांगेन.

भाऊजी : वहिनी, गावभर माझं नाव घेणार? माझा धंदा बसेल!

वहिनी : नाव कशाला घेऊ? माझा दीर होता, एवढंच सांगेन.