पटावर तीन कॅमेरे

…नाही ग ताई, मागे नाही नेली सोंगटी, पुढेच नेली, पाच पडले, पाच घरं मोजली, बोट टेकवून टेकवून मोजली, आणि तू तिकडून म्हणतेस मागे नेली. आता तुम्हीच सांगा, हे मी किती वेळा सांगायचं? आणि ताईचं उत्तर काय यावं? "दिव्यावरचा रुमाल काढ." अहो, ते रुमालाचं भांडण मगाशीच मिटलेलं. जावई लॅपटॉपमागून म्हणतात, "आई, जरा लॅग आहे." लॅग म्हणजे काय, तर मी आत्ता बोलले ते ताईला मी गप्प बसल्यावर ऐकू जातं, आणि ती ज्याचं उत्तर देते तो प्रश्न मी विसरलेली असते. म्हणजे आम्हा बहिणींचं लहानपणापासून जे चाललंय तेच, फक्त आता त्याला नाव मिळालं.

पण आळ माझ्यावर का? मी आपली फासा टाकायला बसलेली बाई.

ताई माझी थोरली बहीण. दुसऱ्या गावी, लेकाकडे असते. उजवी बाजू लुळी पडली तेव्हापासून अंथरुणात. कुणी भेटायला आलं की ही भिंतीकडे तोंड करते. सून सोन्यासारखी, पण तिच्याशीही हूं नाही की चूं नाही. दिवसातून एकदाच उशीला टेकून उठून बसते, ती आमच्या पटासाठी. पट माझ्या घरी, सोंगट्या माझ्या घरी, दोघींच्या वाटणीचा फासा मीच टाकायचा आणि फोनवर सांगायचं, किती पडले ते. छान चाललं होतं हो. तर एक दिवस ताई विचारते, "मला सहा कसे पडत नाहीत ग कधी?"

"पडत नाहीत त्याला मी काय करू?"

"पडतात. तू सांगत नाहीस."

घ्या. टाकणारी मी, मोजणारी मी, तिच्या सोंगट्या चालवणारी मी, आणि चोरही मीच.

तेव्हा मी जावयांना इतकंच म्हटलं, एक फोन पटासमोर उभा करून द्या, बाईला दिसू दे. पण हुशार माणसाला काम सांगू नये, तो त्याचं कार्य काढतो. "आई, एक कशाला, तीन अँगल लावू. एक वरून पटावर, एक फाशावर आणि एक तुमच्या हातावर." माझ्या हातावर. सोनाराच्या दुकानात गिऱ्हाइकावर लावतात तसा. "आणि खर्च काही नाही, घरातलेच जुने फोन वापरायचे."

खर्च नाही, हे खरं. पण घरात फोन जुना का होतो? बिघडतो म्हणून. एकाचा चार्जर काढला की प्राण जातो. दुसऱ्याचा आवाज बसलेला. तिसऱ्याचा मागचा कॅमेरा फुटलेला, पुढचा तेवढा शाबूत, आपण आपलं तोंड बघतो तो. हाच तिसरा जावयांनी वर टांगायला निवडला. कपाटाच्या डोक्यावरून खुर्चीच्या पाठीवर मॉपचा दांडा आडवा टाकला आणि माझ्या शिवणाच्या डब्यातल्या इलॅस्टिकने त्याला फोन बांधला. मी म्हटलं, जावईबापू, हे इलॅस्टिक धरणार नाही. जन्म गेला माझा शिवणात, तेही कुणाच्या क्लासला न जाता, जुनी पोलकी उसवून उसवून शिकले, इलॅस्टिक मला बोटाला कळतं. पण माझं ऐकतो कोण, मी आपली फासा टाकायला बसलेली बाई. तर फोन पाळण्यासारखा झुलायला लागला, आणि ताई तिकडून सुनेला म्हणते, "बघ ग, तिकडे भूकंप झाला."

मग दिवा. दिव्याचा उजेड पटावर चकाकतो, मधलं घर पांढरंफटक. म्हणून दिव्यावर रुमाल टाकला. तर ताई म्हणाली, "अंधारात काय काय करणार आहेस?" उरलेल्यांतला एक फोन स्टीलच्या पेल्यात उभा केला फाशासाठी, आणि एक इस्त्रीच्या टेबलावर, माझ्या हाताकडे डोळा लावून. आता घरात इस्त्री कुठे करायची, ते विचारू नका. लेकीने विचारलं, तर जावयांनी तिला चार्जर धरायला दिला.

एवढ्यावर भागलं असतं. पण ताईला पाठवायची लिंक जावयांनी घरच्या ग्रुपवर टाकली. म्हणजे लाइव्ह. सगळं गणगोत प्रेक्षक. माझी नणंद, जिला स्वतःचा चष्मा सापडत नाही, तिने लिहिलं, "वहिनीचा अंगठा हलला, मी पाहिलं." एका मावसभावाने नुसते हात जोडले. कशाला जोडले, देवाला माहीत.

आणि अशा थाटात पहिली सोंगटी चालवली, पाच घरं, तर ताई कडाडली, "मागे नेलीस. घड्याळाच्या काट्यासारखं चालायचं असतं. शाळेत न गेलेल्यांना कोण सांगणार?"

हे मात्र लागलं मला. अहो, शाळेत तिला घातलं, मला नाही. ती पाटीपुस्तक घेऊन बसली की मी तिच्या समोर बसायची, कारण शेजारी बसू द्यायची नाही. समोरून अक्षरं उलटी दिसतात, तशीच शिकले. कुणी मास्तर नाही, कुणी छडी नाही. अजूनही समोरच्याने धरलेला पेपर मी त्याच्या आधी वाचून संपवते. आणि ही मला काटा शिकवते.

तेवढ्यात जावयांच्या डोक्यात प्रकाश पडला. "आई, चूक मावशींची नाही. वरचा कॅमेरा तोंड बघायचा आहे ना, तो आरशासारखं दाखवतो. त्यांना सगळं उलटं फिरताना दिसतंय." मी म्हटलं, मग करा सुलटं. "करतो, एक बटण असतं." सापडलं बटण. दाबलं. दाबलं ते इस्त्रीच्या टेबलावरच्या फोनचं. आता ताई, "डाव्या हाताने टाकायला लागलीस? कशी ग तू अशी?" मग वरच्या फोनचं बटण शोधायला हात वर केला, इलॅस्टिकने मान टाकली, आणि फोन धाडकन पटावर. सोंगट्या चारी दिशांना. तिकडे काय दिसलं असेल? माझ्या बहिणीने डाव उधळला, हेच.

फोन परत टांगेपर्यंत ताईचा आवाज आला. ओरडली असती तर बरं होतं. ओरडली नाही. सावकाश म्हणाली, "सूनबाई, बंद कर ते. मिटव म्हणावं पट. मला आडवं कर, भिंतीकडे."

तुम्हाला सांगते, ती भिंत मला ठाऊक आहे. गेल्या वेळी तिकडे तोंड फिरवलं, तर कितीतरी दिवस जेवणाचं ताट तसंच परत जायचं. बटण सापडत नव्हतं. जावई घामाघूम. ग्रुपवर नणंद लिहीतच होती. लॅपटॉपवर ताईची सून पलीकडे फोन उचलताना दिसत होती, म्हणजे मगाशीच उचलला असेल, लॅग ना. मी काय करणार? मी आपली फासा टाकायला बसलेली बाई. खाली वाकले, खुर्चीखालच्या, कपाटाखालच्या सोंगट्या गोळा केल्या, तिच्या हिरव्या, माझ्या लाल, मांडल्या पुन्हा पहिल्यापासून, आणि ऐकू जाईल तेव्हा जाईल म्हणून त्या फुटक्या फोनकडे मान वर करून म्हटलं, "ताई, तुझ्यासमोर बसून अक्षरंसुद्धा मी उलटीच शिकले, आता सोंगट्याही उलट्याच चालवते, तुला सरळ दिसल्याशी कारण, बोल, टाकू का तुझा फासा?"