नकाराची चिठ्ठी

आई : बसा नर्सबाई. पण आधीच सांगते, लसीला नकाराची चिठ्ठी मी सोमवारीच शाळेत पाठवली होती. सहीनिशी.

नर्स : माझ्यापर्यंत पोचली नाही. आणि शाळेचा नियम असा, की चिठ्ठी आली नाही तर घरच्यांची हरकत नाही असं धरायचं.

आई : म्हणजे टोचलीत?

नर्स : नाही. सुई हातात होती. तुमच्या लेकीनं बाही वर केली, डोळे घट्ट मिटले आणि तशीच म्हणाली, “आईची चिठ्ठी माझ्या दप्तरात आहे. तिला नकोय. मला हवीय.”

आई : दप्तरात! आणि घरी येऊन चकार शब्द नाही. ए चिमणे, कुठे दडलीस?

मुलगी : पडद्यामागे. बटणं लावतेय.

आई : लाव. दातानं दोरा तोडू नकोस. नर्सबाई, नियम तुमच्या बाजूनं होता, मग टोचायची होती की. इथवर पायपीट कशाला?

नर्स : कळल्यावर न कळल्याचं सोंग कसं आणू? पण तिला तसंच परत पाठवणंही जड गेलं. उद्या शेवटचा दिवस आहे, म्हणून आले.

आई : अजून बारावं सरलं नाही हो तिचं.

नर्स : वाढत्या पोरींचे कपडे शिवताना तुम्ही आत दोन बोटं कापड जास्त ठेवता. पोर आजच वाढावी म्हणून ठेवता का?

आई : मला बोलण्यात गुंडाळू नका. शिवण उसवता येते, टोचलेलं काढून घेता येत नाही.

नर्स : हरले बाई. खरंय तुमचं.

आई : अन् मला लसीची भीती नाहीच. त्या माहितीपत्रकाची आहे. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग, तो विषाणू कशानं लागतो, नवरा-बायकोतलं सगळं छापलंय त्यात. घरोघरी वाचलं असेल. माझी धाकटी बहीण गेल्या साली त्याच दुखण्यानं गेली. लोकांना मी पोटाचं म्हणून सांगितलं. आम्ही दोघी एका पाळण्यातल्या, एका फणीनं विंचरलेल्या. एकीला ठेच लागली की दुसरीच्या डोळ्यांत पाणी. उद्या माझ्या पोरीला टोचली की बाया म्हणतील, ही का घाबरली? मग मागचं उकरतील. तुझ्या बहिणीला ते लागलं कुठून, असं विचारतील. उत्तर द्यायला ती आहे का?

(शिलाई मशीनचं चाक थांबतं.)

नर्स : हा विषाणू जन्मात कधी ना कधी बहुतेकांना गाठतो. बायांना, पुरुषांनाही. बहुतेकांचा आपसूक जातो, कळतसुद्धा नाही. एखादीचा ठाण मांडून बसतो. एकाच माणसाशी संसार केलेलीलाही होतं हे. तुमच्या बहिणीचं काही चुकलं नव्हतं. आणि म्हणूनच आम्ही अख्ख्या वर्गाला देतो, मुलांनासुद्धा. सगळेच रांगेत उभे असले की कोण कुणाकडे बोट दाखवणार?

आई : पोरांनाही?

नर्स : एक तर सुई बघूनच आडवा झाला. वर्गातला सगळ्यात दांडगा.

आई : बरं झालं मेल्याचं. पण तुम्ही खात्री देता?

नर्स : पुरती नाही देत. धोका बराचसा टळतो, सगळा नाही. हात दुखेल, अंग कसकसेल. क्वचित कुणाला जास्त त्रास होतो, म्हणून टोचल्यावर थोडा वेळ बसवून ठेवतो.

मुलगी : आई, मावशीला काय झालं होतं ते मला ठाऊक होतं.

आई : कुणी सांगितलं?

मुलगी : तिनंच. मी तिच्या पायांना तेल लावायची ना, तेव्हा. म्हणाली, मी लाजून लाजून डॉक्टरकडे उशिरा गेले. तू लाजू नकोस.

आई : तुझ्यापाशी बोलली! माझ्यापाशी नाही कधी.

मुलगी : तूच तिला म्हणाली होतीस, कुणापाशी बोलू नकोस.

नर्स : निघू का मी?

आई : थांबा. उद्या किती वाजता?

नर्स : दहाला.

आई : येईल ती. मी स्वतः सोडते.

मुलगी : आणि आईला? तिला नाही का लस?

नर्स : तिच्या वयाच्या बायांची तपासणी करतात. पाच-दहा मिनिटांचं काम. आमच्या दवाखान्यात बाईच करते.

आई : माझं काय मध्येच! इथे गिऱ्हाइकं खोळंबलीत, बाह्या जोडायच्या राहिल्यात...

मुलगी : आई.

आई : भीती वाटते गं मला.

मुलगी : मी येते ना बरोबर. फक्त मावशीला दवाखान्यात नेताना ठेवलंस तसं मला घरी ठेवून जाऊ नकोस.