नऊ हातांचे वासे

चैत्रातला मंगळवार होता, देवळापुढं गाव बसलेला, गावकीचे मुख्य तात्या, देवीचा गुरव, माझी बहीण सगुणा आणि मी. मागणं वीस वाशांचं.

मी पोलादपूरच्या वरच्या वाडीतला, आंबेनळीच्या अंगाला. महाडला मामाकडं राहून सहावी शिकलो, पुढं शेती. सगुणाचा नवरा मुंबईला गिरणीत होता, तापानं गेला, ती दोन पोरं घेऊन माहेरी आली. भिंती मी घालून दिल्या, वर छप्पर तेवढं नव्हतं. आमच्यात वासा देवीच्या राईतला, आणि किती नग, किती हात ते देवीपुढं आधी बोलायचं, बोललं तेवढंच तोडायचं. दुसरीकडचं लाकूड माणूस लांब तोडतो न मग छाटतो, इथं ती सोय नाय.

घर सोळा हात रुंद, आढं मधोमध, भिंतीच्या वर सहा हात. तात्या म्हणाले सोळाचं अर्धं आठ, उताराला एक जास्त, झाले नऊ, बापजाद्यांनी असंच केलं. काय सांगू तुम्हाला, बापजाद्यांची घरं बुटकी हो, वाकून शिरायचं! मी म्हणालो तात्या, आठ आठे चौसष्ट, सहा सक छत्तीस, मिळून शंभर, आणि शंभर म्हणजे दहा दाहे, वासा दहा हात पायजे. तर म्हणतात, अरे शाण्या, देवीला पाढे शिकवतोस व्हय रे? सगळा गाव हसला. मी राखेनं आठ हात रेघ ओढली, टोकाला काटकोनात सहा, तिरकी दोरी धरली न म्हटलं या, मोजा. एक उठला नाय. सगुणा बोलली, तात्या, दोरी तरी बघा. तर तिला म्हणे, गप गो, बायांनी देवापुढं बोलू नये.

गुरवानं नऊ सांगितलं, नऊ तोडलं. वर चढवलं तर एकेक वासा हातभर तोकडा, भिंतीवर टेकवा तर आढ्याला पोचत नाय. आढं खाली घ्या, म्हणाले तात्या. घेतलं असतं तर छप्पर सपाट, आमच्या डोंगरातल्या पावसाला गवत टिकलं असतं होय? वीस चांगली झाडं गेली! देवीचं लाकूड दुसऱ्या कामाला चालत नाय, परत राईत नेऊन टाकलं, आजही वाळवी खाते.

परत मागायचं तर देवीला दंड, आणि दंड कोणाचा, तर ज्याचं घर त्याचा! चूक तात्यांची, दंड रांडमुंड बाईला. या खेपेला दहा हात बोलले, कोणी हसलं नाय.

आता पोरं हाताशी आली, छप्पर गळत नाय, देवी सगुणाला सुखी ठेवो. दंडाचा बोकड माझ्या गोठ्यातला गेला, आणि त्याची मुंडी मानाची म्हणून तात्यांच्या घरी, तीही मीच नेऊन दिली.